मांजरी स्टेशनला हात लावू नये

१ सप्टेंबर, रविवार

आज मियाँने रूळ माझ्या ताब्यात दिले. शेवटचा सांधा बसवला, इंजिनाची एक पूर्ण फेरी मारून दाखवली आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकत म्हणाला, "माजं संपलं. आता तुजं. लवकर कर, राव्या. मला मांजरी बघायची हाय."

आमचा मुलगा योगेश कॅनडाला स्थायिक झाल्यापासून त्याच्या खोलीत पलंगाच्या जागी आमचं टेबल आहे. त्यावर आम्ही मांजरी स्टेशन उभं करतोय. आत्ताचं नव्हे. आत्ताच्या मांजरीत इंग्रजी नावांचे टॉवर आहेत आणि त्यांच्या बाल्कन्यांत चादरी वाळत असतात. आमची मांजरी आम्ही दोघं अर्ध्या चड्डीत होतो तेव्हाची आहे. कोळशाचं इंजिन, एक फलाट, एक कडुनिंब आणि दोन्ही अंगांना ऊस. मियाँचे, म्हणजे दादामियाँचे, वडील तिथे सांधेवाले होते आणि माझे वडील गावच्या शाळेत मास्तर. पुढे त्याने बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मी चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे वाटणीवरून वाद झाला नाही. रूळ, वायरी, इंजिन त्याचं. जमीन, झाडं, पाणी, ऊस माझं.

लवकर कर म्हणे. देखावा म्हणजे काय उपमा आहे?

जेवणाच्या टेबलावर रेल्वेचा विषय काढायला बायकोने, हेमाने, बंदी घातली आहे, म्हणून ही वही.

८ सप्टेंबर

थर्माकोलचे उंचवटे केले, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे फेविकॉलमध्ये भिजवून चढवले. दिवाळीच्या किल्ल्यावर पोतं आणि चिखल चढवायचो तोच प्रकार, फक्त अळीव पेरायचे नाहीत.

मियाँला आज त्याचा मुलगा फैज सोडून गेला. मी विचारलं, स्कूटर कुठाय? म्हणाला, "विकली. ट्रॅफिक लई वाढलंय." भवानी पेठेतून धायरीला इतकी वर्षं हा माणूस सिग्नल न पाळता यायचा, त्याला आता ट्रॅफिक दिसलं.

हल्ली त्याला एक नवीनच खोड लागली आहे. बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघतो. माझ्यामागे कोणी तरी अधिक महत्त्वाचं उभं असावं तसा.

१५ सप्टेंबर

कडुनिंब झाला. वाळलेल्या तुळशीचं खोड घेतलं. त्याच्या फांद्यांची ठेवण हुबेहूब मोठ्या झाडासारखी असते. भांडी घासायचा स्पंज मिक्सरमधून काढला (हेमाला अजून माहीत नाही), दोन हिरवे आणि थोडा पिवळा मिसळून रंगवला आणि पाल्याच्या जागी चिकटवला. खोडाला चुन्याचा पट्टासुद्धा दिला. आठवडा गेला, पण मी इतकं चांगलं झाड उभ्या आयुष्यात चितारलेलं नाही.

मियाँच्या हातात दिलं. त्याने उजेडात धरलं आणि तोंड फिरवलं. अक्षरशः खिडकीकडे तोंड केलं आणि तसंच म्हणाला, "चांगलं हाय."

मी त्याच्या इंजिनाचं कौतुक केलं तेव्हा गुडघे टेकून रुळाच्या पातळीला डोळे नेले होते. कॅसेट प्लेअरच्या मोटरीवर पितळेचं इंजिन बांधलं आहे त्याने, चाकांचे दांडेसुद्धा हलतात. मी तासभर बघत बसलो होतो. मला राग आला. आला तर आला, लिहून ठेवतो.

२३ सप्टेंबर

काल मांजरीला जाऊन आलो. रंगवलेला भुसा जमीन म्हणून चालणार नाही, असं मी ठरवलं होतं. मांजरीची जमीन मांजरीच्याच मातीची हवी. मियाँला चल म्हटलं तर म्हणाला, "मी येऊन काय करू?" त्याला आग्रह करायला मी काय व्याही आहे?

रुळांपलीकडे दोन टॉवरच्या मधे उसाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. तिथली काळी माती घेतली आणि ओढ्यातली बारीक वाळू घेतली, जी वाळली की चमकते. रखवालदाराने हटकलं. मी म्हटलं, गावची माती नेतोय. त्याला वाटलं घरात कोणी तरी गेलं, आणि तो बाजूला झाला.

आज मियाँला मुद्दाम बोलावून घेतलं. मूठभर माती त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती चोळली, वास घेतला, पुन्हा घेतला. "हीच," म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो खूश दिसला. माझाही राग गेला. लगेच म्हणाला, "दसऱ्यापतुर होईल का?" आणि राग थोडा परत आला.

६ ऑक्टोबर

माती हेमाच्या मैद्याच्या चाळणीने चाळली (हे तिला कळलं). रुळांच्या मधे आणि कडेला अंथरली, वर पाण्यात पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडला. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा लागतो, नाही तर पाणी मातीवर गोळ्या होऊन पळतं. वाळल्यावर खोलीचं दार उघडलं आणि क्षणभर मला खरंच मांजरी दिसली.

आता ऊस. सुतळीचे धागे सोडवायचे, हिरव्या रंगात बुडवायचे, वाळले की कात्रीने पात्या तिरप्या कापायच्या आणि चिमट्याने एकेक उभी करायची. मियाँ म्हणतो, "जाड काप की. कोण बघायला बसलंय?" मी म्हटलं, तू.

हेमाने चहा आणला. माझा टेबलावर ठेवला. त्याचा मात्र त्याच्या हातात दिला आणि बोटं कपाच्या कानाला नीट लागेपर्यंत तो सोडला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा चहा कधी असा हातात आला नाही.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. ऊस निम्मासुद्धा झालेला नाही. मियाँने सोनं दिलं आणि विचारलं, "दिवाळी?" मी म्हटलं, मियाँ, घाई करायची असती तर बाजारातून प्लॅस्टिकचं गवत आणलं असतं. तो खुर्चीत बसून राहिला. खिडकीकडे बघत. मी सगळी दुपार ऊस लावत होतो, एकदाही वळून पाहिलं नाही. उठताना उंबऱ्याला अडखळला, त्याचंही खापर माझ्या उंबऱ्यावर.

२० ऑक्टोबर

आज फार वाईट झालं.

देखाव्यातून पहिल्यांदा गाडी न्यायची म्हणून त्याने इंजिन लावलं. फलाट सोडला, कडुनिंब गेला, आणि सिग्नलच्या अलीकडे इंजिन खरखरायला लागलं. मग जागेवर अडकलं आणि जळका वास आला. मियाँ म्हणाला, रुळावर काही तरी हाय. मी म्हटलं, माझ्या बाजूने काही नाही, मी ब्रशने एकेक कण झाडलाय. तुझीच मोटर गेली. जुन्या कॅसेट प्लेअरची मोटर ती, टिकणार किती? एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पुढे म्हटलं, "हात थरथरायला लागले असतील तर सांग, दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ."

तो वाकला आणि तळहात रुळावरून फिरवत नेला, काय अडकलंय ते चाचपत. बघायचं सोडून चाचपत! त्याच्या मनगटाखाली उसाचा अख्खा वाफा आडवा झाला. दोन आठवड्यांचं काम होतं. मी ओरडलो. शाळेत पोरांवर ओरडायचो तसा, त्याहून मोठ्याने. हेमा धावत आली.

त्याने हात मागे घेतला, शर्टाला पुसला. म्हणाला, "चुकलं." इंजिन टेबलावरच ठेवून गेला.

२१ ऑक्टोबर

पाटी केली. पुण्यात राहून एवढंही करायचं नाही म्हणजे फारच झालं. पांढरा पुठ्ठा, काळा रंग, चपटा ब्रश, चांगली वळणदार अक्षरं:

देखाव्यास हात लावू नये. देवाने डोळे दिले आहेत, ते वापरावेत.

दाराला लावली. हेमाने वाचली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अहो, ही काढा." मी म्हटलं, का? सोसायटीच्या जिन्यात याहून वाईट पाट्या आहेत. ती म्हणाली, "जिन्यात भावजी येत नाहीत." आणि आत गेली. ती मियाँला भावजी म्हणते.

२७ ऑक्टोबर

मियाँ आला. दारात थांबला. मी मुद्दामच म्हटलं, पाटी वाचलीस का?

"चष्मा घरी ऱ्हायला. तूच वाच."

मग मी वाचली. वाचली कसली, वर्गात कविता म्हणून दाखवतात तशी ठासून म्हटली. तो हसला. "अक्षर चांगलं हाय तुजं," म्हणाला. "पहिल्यापासनं."

आत आला नाही. हॉलमध्येच बसला, चहा घेतला, हेमाशी आपल्या बायकोच्या, मेहरुनच्या, गुडघ्यांबद्दल बोलला. फैजला फोन करून बोलावून घेतलं. इंजिन न्यायचं विसरला, की मुद्दाम ठेवून गेला कोण जाणे.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. मियाँ आला नाही. दर पाडव्याला येतो, चकल्या मोजून खातो आणि अनारशाला नावं ठेवतो. मी फोन केला नाही. चूक त्याची आहे. हेमा परस्पर रिक्षाने जाऊन फराळाचा डबा देऊन आली. काय म्हणाले, असं मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर

ऊस संपला. मोडलेला वाफा पुन्हा लावला. पाटाचं पाणी ओतलं, त्यावर फलाटाचं प्रतिबिंब पडतं. सिग्नलच्या खांबाजवळ मियाँचे वडील उभे केले, हातात हिरवं निशाण, सगळे मिळून नखाएवढे. एका केसाच्या ब्रशने त्यांना मिशीसुद्धा काढली. शेवटच्या चार दिवसांत झपाटल्यासारखं बसून काम केलं. आता झालं आणि दाखवायला कोणी नाही.

हेमाला म्हटलं, बघ. तिने मनापासून बघितलं, कडुनिंबाखालच्या पारापर्यंत. मग म्हणाली, "आता फोन करा त्यांना."

"त्याला माझं काम आवडत नाही. झाड दाखवलं तर तोंड फिरवलं. ऊस लावत होतो तर तोंड फिरवलं."

"अहो, तुम्ही चित्रकला शिकवत होतात ना?" ती म्हणाली. "माणूस कसा बघतो, ते कधी बघितलंत का?"

तिचं बोलणं हल्ली असं कोड्यात असतं. तिला म्हटलं, सरळ सांग. ती म्हणाली, "भावजी तुम्हाला सांगू नका म्हणालेत. तुम्ही विचारा."

विचारणार नाही. मलाही मान आहे.

१४ नोव्हेंबर

आता मान वगैरे काही राहिलेला नाही.

उरलेली माती परातीत होती. हेमाने ती फ्रिजवर ठेवली होती. आज काढताना फ्रिजला लावलेलं योगेशने कॅनडाहून पाठवलेलं लाल पान, लोहचुंबकाचं, त्यात पडलं. उचललं तर त्याला दाढी आलेली. काळी, बारीक, ताठ केसांची दाढी. पुसली, पुन्हा मातीत फिरवलं, पुन्हा दाढी.

मांजरीची माती. आपला सगळा दगडच काळा, त्याच्या मातीत लोखंड असणारच, हे सातवीतल्या पोरालाही सुचलं असतं. ते मी चाळून, साबणाचा थेंब घालून रुळांच्या मधोमध पसरलं. मोटरीत चुंबक असतं. इंजिन फेरी मारताना ती माती शोषत गेलं.

रुळावर काही तरी हाय, असं तो म्हणाला होता. आणि मी त्याच्या हातांना बोललो.

१५ नोव्हेंबर

इंजिन रुमालात गुंडाळून बुधवार पेठेत गेलो. दुकानात फैज होता. म्हटलं, मियाँ कुठाय?

"अब्बा जुलैपासून दुकानात येत नाहीत, काका." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नाही? दर रविवारी तर तुमच्याकडे येत होते."

काय माहीत नाही, ते त्याने सांगितलं. डोळ्यांचे पडदे गेलेत. दोन्ही. मधलं काही दिसत नाही, माणसाचा चेहरा, अक्षर, काही नाही. कडेकडेचं थोडं दिसतं, तेही कमी होत चाललंय. इंजेक्शनं झाली. उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे बघायचंय ते यंदा बघून घ्या.

फैजने स्टूल दिलं. मला मांजरी बघायची हाय. लवकर कर. दसऱ्यापतुर होईल का. दिवाळी?

आणि मी त्याला पाटी म्हणून दाखवली.

तिथून भवानी पेठेत त्याच्या घरी गेलो. मेहरुनने दार उघडलं. म्हणाली, "मीच म्हणत होते, भाऊंना सांगा. तर म्हणाले, नको, सांगितलं तर तो ऊस कापायचा सोडून माझ्या उशाशी येऊन बसेल."

मियाँ खिडकीत बसला होता. मी त्याच्या मांडीवर इंजिन ठेवलं. त्याने बोटांनी ओळखलं, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि न बघता चारही स्क्रू सोडवले. मोटर उघडून आत करंगळी फिरवली. बोटाला काळं लागलं. त्याने ते चोळलं, वास घेतला आणि हसायला लागला.

"मांजरी शिरलीया हिच्या पोटात."

"माझ्या मातीने झालं," मी म्हटलं. "तुझ्या हातांना बोललो मी."

त्याने दोन्ही हात पुढे धरले. जरासुद्धा थरथरत नव्हते. "हात ठीक हायेत," म्हणाला. "हातच ठीक हायेत."

मी रडलो. मेहरुनसमोर रडलो. तो म्हणाला, "बघ, म्हणून सांगत नव्हतो."

१७ नोव्हेंबर

पाटी काढून फाडून टाकली आहे. मियाँला घेऊन आलो. दारात थांबून त्याने विचारलं, "पाटी?"

"काढली."

"का? शेजाऱ्यांनी वाचली असती."

आत आला आणि टेबलाशी उभा राहिला. हात पाठीमागे बांधून. शाळेत आम्ही चित्रांच्या प्रदर्शनाला पोरांना असंच उभं करायचो. मला ते बघवेना. त्याचा उजवा हात मी सोडवला आणि फलाटावर ठेवला. बोटं फलाटाच्या कडेने गेली, स्टेशनच्या छपरावर चढली, कडुनिंबाला लागून थांबली. उसात शिरली तेव्हा पात्या मोडल्या. त्याने हात झटकन उचलला. मी म्हटलं, "मोडू दे." पुन्हा हात ठेवला. सिग्नलजवळ त्याचं बोट त्याच्या वडिलांना लागलं आणि ते आडवे झाले.

"हे कोण?"

"तुझे बाबा. निशाण घेऊन. मिशी काढलीय."

"मिशी वर वळवलीस का? वर वळवायचे."

"वर."

मग त्याने खिडकीकडे तोंड केलं. मी इतका बावळट, मला क्षणभर पुन्हा तेच वाटलं. त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो तेव्हा दिसलं. तोंड खिडकीकडे होतं आणि डोळ्याची कड टेबलावर. मान हळूच फिरवत, एकदा थोडी जास्त, एकदा थोडी कमी, तो ती कड नेमकी लावत होता.

"बोलू नकोस," म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "ते काळपट, उंच. कडुनिंब?"

"हो."

"आनि ह्ये सगळं हिरवं?"

"ऊस."

"लई हाय रं."

सप्टेंबरात झाड हातात घेऊन त्याने असंच तोंड फिरवलं होतं. त्याच्याकडे होतं नव्हतं ते सगळं लावून तो बघत होता, आणि मी रुसलो होतो. तेव्हा त्याला आजच्याहून जास्त दिसत होतं. ते सगळे दिवस मी धाग्याच्या पात्या तिरप्या कापण्यात घालवले. हे मला कसं विसरता येईल, कळत नाही. विसरू नये.

१ डिसेंबर

मियाँ आता रविवारबरोबर गुरुवारीही येतो. रुळांमधली माती त्याने स्पीकरच्या मोठ्या चुंबकाने साफ केली, हाताने, इंच इंच. तिथे आता रंगवलेला भुसा आहे. मातीचा पट्टा फक्त फलाटामागे ठेवलाय, इंजिनापासून लांब, त्याला हात घालता येईल असा.

इंजिन आज पूर्ण फेरी मारून आलं. तो मान वळवून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "ऊस काढलास का?"

"नाही. आहे तसाच आहे."

"मला फिकट दिसतोय."

मी खिडकीकडे बघितलं. ऊन होतं. हेमाने ट्यूबही लावली होती. मी रंगाचा डबा उघडला आणि मोठ्या ब्रशने अख्ख्या उसावरून गडद हिरवा फिरवला, वर पिवळ्याचे फराटे मारले. बारीक पात्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. खरा ऊस असा कधीच नसतो. विद्यार्थ्याने केलं असतं तर मी वही फेकली असती.

"आता?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं, मान थोडी मागे घेतली.

"हां," म्हणाला. "आता हाय."